यारी निवडताना

वाचकहो, साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ तुमच्यापैकी पुष्कळजण उभे राहिले असतील. उसाची गाडी लागली की वरून साखळ्या खाली येतात, मोळ्यांना कवटाळतात आणि सगळा भार अलगद उचलून नेतात. डोक्यावरच्या त्या यंत्राला आपण क्रेन म्हणतो; मराठीत यारी. आज या यारीचा थोडा इतिहास सांगायचा आहे, आणि त्याला कारण घडले आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना काढला. आधी शेड उभी केली आणि मग दहा टनांची यारी घ्यायला निघाला. पाहणीला आलेला अभियंता म्हणाला, "यारी मिळेल हो, पण हे खांब तिला पेलणार नाहीत." शेवटी आतून वेगळे खांब घालावे लागले. जमवलेली पुंजी त्यातच गेली. मला म्हणाला, "सर, मी सगळ्यांना एवढेच विचारत राहिलो, किती टनांची?"

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. कसा, ते पाहू.

या यारीची रचना सोपी आहे. समोरासमोरच्या खांबांवर दोन रूळ टाकायचे. त्यांवर एक आडवी तुळई चाकांनी पुढेमागे सरकते. तुळईवर छोटा गाडा डावी-उजवीकडे फिरतो आणि गाड्यातून दोराला बांधलेला आकडा खालीवर होतो. तीन हालचाली झाल्या, म्हणजे शेडच्या बहुतेक जागेत ओझे पोचते आणि खालची जमीन कामाला मोकळी राहते. पण ओझ्याचा, तुळईचा, गाड्याचा, सगळा भार अखेर खांबांवरच येतो, हे विसरू नये.

पूर्वी अशा यारीचे दांडे माणसे हातांनी फिरवीत. अधूनमधून ओझे उचलायचे असेल तर ते ठीक होते. पण इंग्लंडात क्रू या गावी रेल्वे इंजिनांचा मोठा कारखाना होता. तिथे अवजड इंजिने आणि त्यांचे भाग सारखे उचलावे लागत. हाताने काम फार हळू चाले. वाफेचे यंत्र होते, पण ते एका जागी. यारी तर फिरती. तिच्यावरच बॉयलर चढवावा, तर वजन वाढणार आणि छपराखाली धूर कोंडणार. मग करायचे काय?

तिथले प्रमुख जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६१ साली युक्ती काढली. बोटाएवढ्या जाडीचा सुती दोर, टोके जोडून अखंड केलेला, शेडभर फिरता ठेवला. त्याचा वेग मिनिटाला सुमारे ५,००० फूट! यारी कुठेही असली तरी या धावत्या दोरातून तिला शक्ती मिळे. बारीक दोराने एवढे ओझे कसे उचलले? आपला जुना गुऱ्हाळाचा चरक आठवा. बैल लांब दांड्याला जुंपून मोठा फेरा घेई, चरक हळू फिरे, पण उसाचा चोथा करी. अंतर जास्त चालायचे आणि जोर मिळवायचा, हाच नियम इथेही.

रॅम्सबॉटम यांनी नुसते वजन पाहिले नाही. काम किती वेळा करायचे, जागा कशी आहे, शक्ती कुठून येणार, हे पाहिले. पुढे १८९० च्या सुमारास वीज आली आणि तिन्ही हालचालींना तीन स्वतंत्र मोटरी बसू लागल्या. दोर गेला, पण प्रश्न तेच राहिले.

आता पुन्हा साखर कारखान्यात या. गव्हाणीवरची यारी गाळपाच्या हंगामात रात्रंदिवस राबते. गिरणीघरातल्या यारीचे मोठे काम हंगाम संपल्यावर असते. रस काढणारे अवजड रोलर दुरुस्तीसाठी उचलायचे. समजा, दोघींची ताकद सारखी आहे. म्हणून त्या अदलाबदल करता येतील का? नाही. कधीतरी वापरायची यारी गव्हाणीवर लावली, तर तिचा दोर, ब्रेक, दाते लवकर झिजतील, आणि खाली माणसे असतात, बरे का! म्हणूनच आज यारीच्या यंत्रणांचे कामाच्या ताणाप्रमाणे एम-१ ते एम-८ असे वर्ग करतात.

तेव्हा विचारायचे ते असे: सगळ्यांत जड ओझे कोणते? दिवसातून किती वेळा उचलायचे? शेडची रुंदी किती आणि आकडा किती उंच जायला हवा? खांब आणि पाया तो भार घेतील का? ही उत्तरे हाती आल्यावर मग शेडचा नकाशा काढावा.

शिक्षकबंधूंनी मुलांना कारखाना दाखवायला न्यावे. तुळईवर तिच्या उचलीचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो, तो मुलांना वाचायला सांगावा. आणि मग विचारावे, "हा आकडा कळला. आता आणखी काय विचाराल?"