कॉम्प्युटर आत्ता घ्यायचा की थांबायचं? देवरीच्या एका ऑनलाइन सेंटरमधला प्रश्न

देवरी म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं तालुक्याचं ठिकाण. राष्ट्रीय महामार्ग 53 इथून जातो आणि नागपूर-रायपूर प्रवासात साधारण अर्धी वाट झाली की हे गाव लागतं. तिथे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं छोटं दुकान चालवणाऱ्या एका वाचकाने आम्हाला विचारलं: "माझा पीसी 2016 चा आहे. आय-3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, विंडोज 10. स्क्रीनवर सारखं येतं की सपोर्ट संपला. धानाचे चुकारे आले की नवीन घ्यावा म्हणतो. दुकानदार म्हणतो आत्ताच घ्या, भाव वाढत आहेत. मित्र म्हणतो थांब, नवीन विंडोज येणार आहे. कोणाचं ऐकू?"

मित्राचं ऐकू नये आणि दुकानदाराचं अर्धंच ऐकावं, हे थोडक्यात उत्तर झालं. दोन्ही का, ते नीट बघू. हा प्रश्न काही एकट्या देवरीचा नाही.

विंडोज 10 'बंद' झालं म्हणजे नक्की काय झालं?

विंडोज 10 बाजारात आलं 29 जुलै 2015 ला. मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो आधीसारखाच सुरू होतो, प्रिंट निघते, फॉर्म भरता येतात. थांबतात ते सुरक्षेचे मोफत अपडेट. यापुढे विंडोजमध्ये एखादं भोक सापडलं, तर ते बुजवणारा पॅच तुमच्या मशीनवर आपोआप येणार नाही.

'आपल्या छोट्या दुकानात कोण घुसणार?' असं वाटणं साहजिक आहे. पण असे हल्ले दुकान बघून होत नाहीत. 2017 च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता, ते अडकले. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. त्यानेही त्याच भोकाचा वापर केला. तेव्हा नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. टर्मिनल चालवणाऱ्या परदेशी कंपनीची यंत्रणा बाधित झाली आणि त्याचा फटका न्हावाशेव्यापर्यंत पोहोचला.

आता देवरीच्या दुकानातल्या 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये काय असतं ते आठवा. आधार कार्डं, बँक पासबुकाची पहिली पानं, जातीचे दाखले, सातबारा, मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज. ही कागदपत्रं दुकानदाराची नाहीत. आदिवासीबहुल तालुक्यात कित्येक घरांचं सगळं सरकारी काम अशा एकाच कॉम्प्युटरवरून होतं. त्यामुळे 'माझं काय जायचंय' हा हिशेब इथे लागू होत नाही. जाईल ते गिऱ्हाइकाचं.

तुमच्या मशीनवर विंडोज 11 चालेल का?

चालत असेल तर विषयच मिटला. विंडोज 10 वरून 11 वर जायला पैसे लागत नाहीत. फक्त मशीन बसायला हवं. किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, 'सिक्युअर बूट'ची सोय आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते. पण बहुतेक जुनी मशीन अडकतात ती प्रोसेसरवर. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीचा रायझन 2000 मालिकेपासून पुढचा प्रोसेसरच अधिकृत यादीत आहे.

पिढी ओळखायची सोपी खूण आहे. आय-3 6100 असं लिहिलं असेल तर पुढचा 6 म्हणजे सहावी पिढी. आय-5 8250 म्हणजे आठवी. आय-3 10110 असेल तर पहिले दोन आकडे घ्यायचे, म्हणजे दहावी. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲपही थेट सांगतं. ॲपने 'टीपीएम नाही' असं सांगितलं आणि प्रोसेसर मात्र आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर नवीन मशीन घ्यायची घाई करू नका. अनेकदा ती चिप असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. गोंदियाचा कुठलाही जाणता मेकॅनिक पाच मिनिटांत ती चालू करून देईल.

आपल्या वाचकाचं मशीन सहाव्या पिढीचं आहे. ते या यादीत बसत नाही. यूट्यूबवर यादीला वळसा घालून विंडोज 11 टाकायच्या युक्त्या भरपूर आहेत. घरी हौस म्हणून करून बघा हवं तर. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी ही उठाठेव केली, तेच हातात नाही.

थांबायची सोय आहे का?

आहे, पण मुदतीची. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' नावाची योजना आणली. तिच्यात नोंदणी केली की 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे पॅच मिळतात. सेटिंग्ज, मग विंडोज अपडेट, आणि तिथे नोंदणीची लिंक. त्यासाठी विंडोज 10 ची 22एच2 ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप या खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर 1,000 रिवॉर्ड पॉइंट किंवा 30 डॉलर.

मेख अशी की ही योजना घरच्या कॉम्प्युटरसाठी आहे. व्यवसाय-संस्थांसाठी वेगळी आहे आणि तिथे पहिल्या वर्षाला दर मशीनमागे 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. नऊ-दहा वर्षं जुन्या आय-3 साठी हा खर्च मला तरी पटत नाही.

दुसरी वाट लिनक्सची. उबुंटू 24.04 मोफत आहे आणि त्याला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पुण्याच्या सी-डॅकचं 'बॉस लिनक्स'ही आहे. घरी अभ्यास, यूट्यूब, टायपिंग एवढंच असेल तर जुन्या मशीनला यानं खरंच नवा जन्म मिळतो. ऑनलाइन सेंटरसाठी मात्र आधी खात्री करा. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, जुना प्रिंटर, यांची सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज धरूनच बनवलेली असतात. एक जरी अडलं तरी दुकान अडतं.

मित्र म्हणतो ते 'नवीन विंडोज' कधी येणार?

विंडोज 12 ची कुठलीही तारीख मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली नाही. व्हॉट्सॲपवर फिरतात ते अंदाज. आणि समजा आलं, तरी काय? 2015 मध्ये 7 आणि 8.1 वाल्यांना 10 फुकट मिळालं, 2021 मध्ये 10 वाल्यांना 11 फुकट मिळालं. आत्ता घेतलेल्या नव्या मशीनला पुढचं अपडेट मिळण्याची शक्यता चांगली आहे. सॉफ्टवेअरसाठी थांबण्यात म्हणून फारसा अर्थ नसतो.

हार्डवेअरचं वेगळं आहे. तिथे थांबण्याला कधीकाळी भक्कम तर्क होता. 1999 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या काही तरुण खगोल-अभ्यासकांनी अर्धा गमतीचा, अर्धा गंभीर निबंध लिहिला. दर 18 महिन्यांनी कॉम्प्युटरचा वेग दुप्पट होत असेल, तर एखादं प्रचंड गणित आज सुरू करावं की काही महिने मजा करून नव्या मशीनवर करावं? त्यांचं उत्तर: आजच्या मशीनवर 26 महिन्यांपेक्षा जास्त लागणार असतील, तर थांबा. त्याहून कमी लागणार असतील, तर आजच बसा. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायला फार तर अर्धा तास लागतो.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली 'टिफ्रॅक' हा कॉम्प्युटर बांधला गेला आणि 1960 मध्ये कामाला लागला. त्यात काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या. तोपर्यंत जगात ट्रान्झिस्टरची मशीन येऊ लागली होती, म्हणजे टिफ्रॅक जन्मतःच जुना. चारच वर्षांत, 1964 मध्ये, संस्थेत परदेशी सीडीसी 3600 आला. मग टिफ्रॅकवरचे कष्ट वाया गेले का? नाही. मधल्या काळात त्याच्यावर प्रोग्रॅमिंग शिकलेली माणसं तयार झाली होती. थांबले असते तर नवीन मशीन आलं असतं आणि ते चालवणारे हात शोधावे लागले असते.

दुकानदार म्हणतो भाव वाढत आहेत. खरं आहे का?

दुर्दैवाने, हो. एरवी 'भाव वाढणार' हे वाक्य ऐकलं की पाकीट आत ठेवावं, पण या वेळी कारण ठोस आहे. रॅमच्या चिप जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी बनवण्यात जास्त नफा असल्याने त्यांनी कारखाने तिकडे वळवले. साध्या कॉम्प्युटरची रॅम कमी पडली आणि 2025 च्या शेवटच्या महिन्यांत तिचे भाव भडकले. मायक्रॉनने तर 3 डिसेंबर 2025 ला जाहीर केलं की सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' ब्रँड ती गुंडाळतेय. रॅमच्या पाठोपाठ एसएसडीही महागली आणि शेवटी तो भार लॅपटॉप-पीसीच्या किमतीवर येतो.

त्यामुळे 'सहा महिने थांबलो की तेच मॉडेल स्वस्तात' हा जुना नियम सध्या भरवशाचा राहिलेला नाही. जीएसटीकडूनही आशा नको. 22 सप्टेंबर 2025 च्या बदलात मोठे टीव्ही आणि एसी 28 वरून 18 टक्क्यांवर आले, कॉम्प्युटर-लॅपटॉप होते तसे 18 वरच राहिले.

मग दुकानदाराचं अर्धंच का ऐकायचं? कारण 'आत्ता घ्या'च्या मागोमाग तो 'हेच घ्या' म्हणतो. सेंटरच्या कामाला ग्राफिक कार्ड लागत नाही, 'एआय पीसी'चा स्टिकर लागत नाही, इंटेलने जानेवारी 2026 मध्ये आणलेला अगदी ताजा प्रोसेसरही लागत नाही. लागते ती 8 जीबी रॅम, जमलं तर 16, कारण ब्राउझरच्या पंधरा टॅब आणि स्कॅनर एकदम चालतात. आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. रॅम पुढे वाढवता येईल असा मोकळा स्लॉट आहे का, ते पैसे देण्याआधी विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते.

मग करायचं काय?

वाचकाला आमचा सल्ला: घ्या, आणि मे महिना उजाडायच्या आत घ्या. बारावीचा निकाल लागला की प्रवेश, दाखले, शिष्यवृत्ती यांची झुंबड उडते. त्या दिवसांत जुनं मशीन बसलं तर एका आठवड्यात गमावलेली कमाई आणि गिऱ्हाईक मोजून बघा. शिवाय नव्या मशीनवर सगळे ड्रायव्हर, स्कॅनर, ठसे यंत्र बसवून सुरळीत व्हायला आठ-दहा दिवस जातातच. चुकारे लांबले आणि बजेट नसेल, तर कर्जाच्या हप्त्यापेक्षा नागपूरहून एखादा रिफर्बिश्ड ऑफिस पीसी बरा. अट एकच, प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा आणि पक्कं बिल हवं. 'विंडोज 11 टाकून दिलंय' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. पिढीचा आकडा स्वतः वाचा.

आणखी एक गोष्ट ऑनलाइन सेलमध्ये कळत नाही. 'ऑन-साइट वॉरंटी' तुमच्या पिन कोडला लागू आहे का? शहरात इंजिनिअर घरी येतो. देवरीसारख्या ठिकाणी अनेकदा मशीन घेऊन गोंदिया किंवा नागपूर गाठावं लागतं. दीड-दोन हजार रुपये वाचवण्यापेक्षा जवळच्या दुकानातून घेतलेलं, ज्याचा फोन लागतो अशा माणसाकडून घेतलेलं मशीन परवडतं. विजेचा खेळखंडोबा आणि विदर्भाचा उन्हाळा धरून डेस्कटॉपला यूपीएस हवाच, त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

ज्यांच्या घरी विंडोज 10 चा चालता कॉम्प्युटर आहे आणि त्यावर मुलं फक्त अभ्यास करतात, त्यांना घाई नाही. मोफत नोंदणी करून ऑक्टोबर 2026 पर्यंत चालवा. कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा असेल तर आधी प्रवेश पक्का होऊ द्या, कारण बीकॉम आणि इंजिनिअरिंगची गरज सारखी नसते. ॲपलचं जुनं इंटेलवालं मॅकबुक कोणी स्वस्तात देत असेल तर मात्र नको म्हणा. मॅकओएस 26 ही त्या मशीनना मिळालेली शेवटची आवृत्ती आहे.

राहिला जुना पीसी. तो भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. फाइल डिलीट केल्या, रिसायकल बिन रिकामी केली, तरी त्या परत काढता येतात. मशीनच्या किमतीत डिस्कमुळे फार तर काही शे रुपयांचा फरक पडेल. तिच्यात नऊ-दहा वर्षांत काउंटरवर आलेल्या प्रत्येकाचं आधार कार्ड आहे.