शस्त्रक्रियोत्तर आंत्रस्तंभ

उदरावरील शस्त्रक्रियेनंतर, मार्गात कोणताही अडसर नसताना, आतड्यांचे अन्न पुढे सारणारे आकुंचन काही काळ मंदावते अथवा थांबते. पोट फुगणे, मळमळ, ओकारी आणि वात व मल यांचा अवरोध ही या अवस्थेची लक्षणे होत. वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात असो वा रिसोड-कारंजाच्या एखाद्या खासगी दवाखान्यात, ऑपरेशन झालेल्या रोग्याच्या उशाशी बसलेल्या आप्तांना सकाळच्या फेरीत पहिला प्रश्न होतो तो ‘वारा सरला का?’ हाच, आणि होकार मिळेपर्यंत घरून आलेला डबा उघडण्याची मुभा बहुधा नसते.

या स्तंभाचे खापर पुष्कळ काळ केवळ मज्जातंतूंवर फुटत आले. बेलिस व स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये आंत्रगती रोखणाऱ्या तंतूंचे कार्य दाखविले, आणि १९०६ मध्ये कॅनन व मर्फी यांनी आतडी नुसती हाताळल्यानेही गती थांबते हे प्राण्यांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. परंतु तंतूंचा हा प्रतिक्षेप अल्पजीवी असताना आतडी दिवसचे दिवस निश्चल का राहतात, याचा उलगडा होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पिट्सबर्ग येथे काल्फ, बाउअर व सहकाऱ्यांनी उंदरांच्या आंत्रभित्तीत जो शोथ दाखविला त्याची आज समजलेली साखळी अशी : भित्तीच्या स्नायुस्तरांत जाळ्यासारख्या पसरलेल्या निवासी महाभक्षी पेशी हाताच्या स्पर्शाने व ओढाताणीने चेतविल्या जातात, त्यांच्या स्रावांमुळे लगतच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला श्वेतपेशी चिकटू लागतात, त्या काही तासांत स्नायूंत शिरतात, आणि तेथे निर्माण होणारी नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टाग्लँडिने स्नायूचे आकुंचन दाबून टाकतात. विशेष म्हणजे हात लागतो लहान आतड्याच्या एका भागाला, पण स्पर्शही न झालेले जठर व मोठे आतडे त्यासह थंडावतात.

सामान्यतः लहान आतडे एका दिवसात, जठर एक-दोन दिवसांत, तर मोठे आतडे दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. वारा सरणे ही मोठ्या आतड्याची खूण असल्याने, तोवर रोग्यास सरसकट उपाशी ठेवण्याचा जुना रिवाज आता शास्त्रास मान्य नाही. प्रकृती पाहून लवकर दिलेला हलका आहार, लवकर चालविणे, अफूजन्य वेदनाशामकांचा व शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनचा माफक वापर यांवर आज भर आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हाताळणी कमी, म्हणून स्तंभही सहसा कमी. सुश्रुतसंहितेत बद्धगुदोदराच्या, म्हणजे आतडी तुंबण्याच्या विकाराच्या, शस्त्रकर्मात आतडी चार अंगुळेच बाहेर काढून, पाहून, मध-तुपाने माखून जागच्या जागी ठेवण्यास सांगितले आहे. तो संयम आजच्याही शस्त्रवैद्याने मनावर घ्यावा असा आहे.

चार-पाच दिवस लोटूनही पोट उतरत नसेल, ताप व नाडीची गती वाढत असेल, तर तो निव्वळ स्तंभ न समजता टाक्यांतून गळती वा उदरातील पू यांचा शोध तत्काळ घ्यावा, आणि तशी सोय जवळ नसल्यास रोग्यास अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात हलविण्यात हयगय करू नये.