तीन लेख आणि एक तळं

मित्रांनो, या आठवड्यात भाषणं थोडी कमी करा. तीन लेख वाचा.

मी हसनाबादचा, भोकरदन तालुक्यातला. जालन्यात रोलिंग मिलमध्ये पाळी करतो. शाळा सातवीतच सुटली. एकदा जेवणाच्या सुट्टीत एकजण म्हणाला, "तुम्हाला सगळं फुकट मिळालं." मी नुसता ओरडलो. उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

उत्तर विहाराच्या कपाटात होतं. शासनानं १९९० साली खंडरूपात छापलेलं 'बहिष्कृत भारत'. जोडाक्षरांना ठेचकाळत वाचलं.

मुंबई कौन्सिलात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्याच दिवशी आपल्या लोकांची डोकी फुटली. कायदा आपल्या बाजूनं, काठी त्यांच्या हातात.

पंधरवड्यात, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघालं. २२ एप्रिल, ६ मे, २० मे अशा तीन अंकांत महाडच्या धर्मसंगरावर तीन लेख आले. पहिला वरिष्ठ हिंदूंच्या जबाबदारीवर. दुसरा इंग्रज सरकारच्या. तिसरा अस्पृश्य वर्गाच्या, म्हणजे आपल्याच.

मी असतो तर शिव्यांचा एक लेख लिहून मोकळा झालो असतो. बाबासाहेबांनी तिघांना जाब विचारला. तिसरा लेख वाचताना माझी मान खाली गेली.

आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. बोले ठरावाचा कागदसुद्धा इकडं लागू नव्हता. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचंच राज्य. आजी सांगायची, "ते वरून वतायचे, आपण वंजळ धरायची." फुकट काय मिळालं, हे मला आजीच्या वंजळीनं आणि त्या तीन लेखांनी शिकवलं.

पत्राला पैसा नव्हता. रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्यानं भरायचे. १५ नोव्हेंबर १९२९ नंतर ते बंद पडलं. आणि आपण? मोबाईलवर फोटोखाली एक ओळ डकवतो, पुढं ढकलतो. ती ओळ त्यांची आहे का, हेही बघत नाही.

तीन संध्याकाळी काढा. विहारात बसा. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. जो अडखळेल त्याला हसायचं नाही. तिसऱ्या लेखानंतर एकच प्रश्न: आपली जबाबदारी आपण किती उचलली?

मग या भाषणाला. जयभीम.