रणांगणावरची बातमी

लढाईतलं काय छापावं नि काय राखावं, हा वाद जुनाच आहे. १८५४ साली क्रिमियात इंग्रज व फ्रेंच फौजा रशियाशी लढत होत्या. थंडीनं, रोगराईनं हकनाक मरणाऱ्या शिपायांची दैना लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम रसेल यानं लिहिली. लोक खवळले. १८५५ च्या जानेवारीत लॉर्ड ॲबरडीन यांचं सरकार पडलं.

पण सेनापती लॉर्ड रॅग्लन यांची तक्रारही खोटी नव्हती. तोफा किती, दारूगोळा कुठं, हेही त्याच पत्रात छापून येई. ते वाचायला शत्रूला कोण अडवणार? अखेर १८५६ च्या फेब्रुवारीत लष्करानं अशा मजकुरावर बंदी घातली.

तोफेचा ठिकाणा झाकावा, हे रास्तच. पण शिपायाला पांघरूण नाही, हे झाकलं, तर ती उणीव भरून काढणार कोण?