आठव्या दिवसाचे विस्मरण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एक जानेवारीची सकाळची मिस्सा नुकतीच आटोपली होती. त्या दिवशी वाचले जाणारे शुभवर्तमान संत लूकच्या दुसऱ्या अध्यायातील आहे. मेंढपाळ गव्हाणीपाशी येतात, मरिया सारे काही अंतःकरणात साठवून ठेवते आणि अखेरच्या वचनात, आठव्या दिवशी बाळाची सुंता होऊन त्याला ‘येशू’ हे नाव दिले जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गातील दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा सॅक्रिस्टीच्या दाराशी आला आणि त्याने विचारले, “फादर, सुंता म्हणजे काय?” भोवतालची मोठी माणसे गालातल्या गालात हसली. आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला, “यहुदी लोकांची बारशाची एक रीत,” असे सांगितले आणि पूजावस्त्रे उतरवू लागलो.

उत्तर अगदीच खोटे नव्हते, पण टाळाटाळीचे निश्चित होते. सेमिनरीत आम्ही वर्षानुवर्षे ईशज्ञान शिकलो, संत पौलाची पत्रे अभ्यासली आणि एका बालकाच्या सरळ प्रश्नापुढे मात्र संकोचलो. प्रस्तुत लेख हे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

प्रथम शरीराविषयी. पुरुषाच्या जननेंद्रियाचे टोक, ज्याला शिश्नमणी म्हणतात, ते कातडीच्या एका दुहेरी घडीने झाकलेले असते. ही घडी म्हणजे अग्रत्वचा. तिचा बाहेरचा पदर अंगावरील इतर कातडीसारखा असतो, तर आतला पदर ओठाच्या आतील बाजूसारखा ओलसर व नाजूक. जीभ जशी खालून बांधलेली असते, तशी ती खालच्या बाजूस एका बारीक पट्टीने मण्याशी जोडलेली असते. मातेच्या उदरात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ती घडू लागते. नवजात बालकात तिचा आतला पदर मण्याला चिकटलेला असतो आणि मलमूत्रापासून त्या कोवळ्या भागाचे रक्षण होते. पुढे वयाबरोबर ती आपोआप सुटी होते. कॅनडातील विनिपेग येथील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तिच्या आतल्या कडेचा वळीदार पट्टा स्पर्शाची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंनी समृद्ध असल्याचे दाखवून दिले. रक्षण करणे, ओलावा राखणे, हालचाल सुलभ करणे आणि संवेदना देणे ही तिची कामे होत. सुंता म्हणजे ही घडी कापून काढणे. यात लाजण्यासारखे काय आहे? निर्माणकर्त्याने जे घडवले, त्याचे नाव घेण्यास आम्हीच का कचरावे?

आता इतिहासाकडे वळू. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात परमेश्वर अब्राहामाशी करार करतो आणि त्याची खूण म्हणून सुंता सांगतो. त्या वेळी अब्राहाम ९९ वर्षांचा व इश्माएल १३ वर्षांचा होता. पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हावी, असे ठरले. परंतु नुसत्या खुणेवर विसंबून राहणाऱ्यांना संदेष्ट्यांनी वेळोवेळी जागे केले. अनुवाद ग्रंथात आणि यिर्मयाच्या वाणीत, अंतःकरणाचीच सुंता करा, असे आवाहन आहे.

ह्या खुणेची खरी कसोटी लागली ती ग्रीक सत्तेच्या काळात. ग्रीक व्यायामशाळांत पुरुष विवस्त्र व्यायाम करीत, मात्र उघडा शिश्नमणी त्यांना असभ्य वाटे. साहजिकच सुंता झालेला तरुण तेथे चेष्टेचा विषय होई. यरुशलेममध्ये अशी व्यायामशाळा उभी राहिली, तेव्हा काही यहुदी तरुणांनी आपली सुंता लपवण्याचे उपाय केले आणि पवित्र कराराकडे पाठ फिरवली, असे मक्काबी ग्रंथ नोंदवतो. कातडी ओढून पुन्हा घडी तयार करण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याच्या वैद्यकग्रंथात आहे. पुढे राजा अंतियोख एपिफानेस याने सुंतेवर बंदीच घातली. ज्या मातांनी आपल्या बाळांची सुंता करवली, त्यांना ठार मारण्यात आले आणि त्यांची बाळे त्यांच्याच गळ्यात टांगण्यात आली. जे चिन्ह एकाला नोकरी-प्रतिष्ठेसाठी नकोसे झाले, त्याच चिन्हासाठी दुसरीने प्राण दिला. नासरेथच्या मरियेने आपल्या बाळाची सुंता करवली, तेव्हा तिच्या मागे ह्या मातांची परंपरा उभी होती.

अशा किमतीने जपलेली खूण नवख्यांना माफ करावी काय, हा प्रश्न सुमारे इ. स. ४९ मध्ये यरुशलेमला प्रेषितांपुढे आला. अंत्युखियात यहुदी नसलेले अनेक जण ख्रिस्ताकडे वळले होते. काहींचे म्हणणे असे, की त्यांनी आधी सुंता करून घ्यावी. त्यावाचून तारण नाही. आज आपल्याला हा वाद क्षुल्लक वाटतो. परंतु हुतात्म्यांच्या रक्ताने पवित्र झालेली गोष्ट बाजूस ठेवणे प्रेषितांना किती जड गेले असेल, याचा विचार करावा. पेत्र, याकोब, पौल, बर्णबा हे सारे स्वतः सुंता झालेले होते. पौल तर आपली सुंता आठव्या दिवशी झाल्याचा उल्लेख फिलिप्पैकरांस लिहिताना आवर्जून करतो. तरीही प्रेषितांनी निर्णय दिला की, परराष्ट्रीयांवर हे ओझे लादू नये. जे त्यांनी स्वतः अंगावर वागवले, ते त्यांनी दुसऱ्यांकडून मागितले नाही.

पौल ह्याबाबत हटवादीही नव्हता. ग्रीक असलेल्या तीताची सुंता करण्यास त्याने ठाम नकार दिला. तीमथ्याची आई यहुदी असल्यामुळे त्याची मात्र स्वतः करवली. सुंता असणे वा नसणे यांपैकी कशानेही माणूस देवापुढे मोठा ठरत नाही, प्रीतीतून कार्य करणारा विश्वास तेवढा मोलाचा, हे त्याने गलतीकरांना बजावले. त्या निर्णयामुळेच ख्रिस्तसभेचे दार जगाला खुले झाले. वसईच्या, गोव्याच्या, अहमदनगरच्या आपल्या पूर्वजांना ते त्याच दारातून आत येता आले. दुर्दैवाने, आत आल्यावर त्यांच्यापुढे दुसऱ्या अटी ठेवण्यात आल्या. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने लग्नातील ओव्या, अंगणातील तुळस, धोतर यांसारख्या गोष्टींवर बंदी घातली. यरुशलेमची परिषद तेथे कोणाला आठवली नसावी.

खूण जपणाऱ्यांविषयी मात्र मनात तुच्छता नसावी. ते लोक आपल्यापासून दूर नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, असे सांगणारे बेने इस्रायल मराठीच बोलत आले. तेल गाळण्याचा धंदा करणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मोठ्या यहुदी जगापासून शतकानुशतके तुटलेले असताना त्यांनी जे थोडे जपले, त्यात शनिवारचा विसावा आणि आठव्या दिवसाची सुंता ह्या दोन गोष्टी होत्या. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी उभारले. आपल्या प्रभूच्या अंगावर जी खूण होती, ती ह्या आपल्याच भाषाबांधवांनी सांभाळली.

ख्रिस्तसभेनेही तिचे स्मरण दीर्घकाळ ठेवले. एक जानेवारीस सुंतेची मिस्सा अर्पण व्हावी, असे फ्रान्समधील तूर येथे ५६७ साली भरलेल्या धर्मसभेने ठरवले होते. येशू हे नाव त्याच दिवशी दिले गेल्यामुळे येशूसंघाच्या धर्मगुरूंना तो दिवस विशेष प्रिय झाला. रोममधील त्यांच्या जेझू चर्चच्या मुख्य वेदीवर प्रभूच्या सुंतेचे चित्र आहे. जुन्या गोव्यात १६०५ मध्ये पवित्र करण्यात आलेल्या बॉम जेझूसच्या दर्शनी भिंतीवर येशूनामाची जी तीन अक्षरे आपण पाहतो, त्या नामाचा सणही मुळात हाच.

भक्तीबरोबर भाबडेपणाही आला. प्रभूची अग्रत्वचा आपल्यापाशी असल्याचा दावा मध्ययुगात युरोपातील अनेक चर्चेस करीत. रोमच्या उत्तरेकडील कालकाता गावात असा एक अवशेष एक जानेवारीस मिरवणुकीने नेत असत. १९०० मध्ये रोमच्या धर्मपीठाने ह्या विषयावर बोलण्या-लिहिण्यास बंदी घातली आणि १९८३ मध्ये तो अवशेष चोरीस गेला. दुसरे टोक कठोरपणाचे होते. फ्लॉरेन्सच्या परिषदेत १४४२ साली कॉप्टिक ख्रिस्ती लोकांशी ऐक्याचे जे फर्मान निघाले, त्याने ख्रिस्ती माणसाला सुंता निषिद्ध ठरवताना यहुद्यांविषयी अतिशय कडवट भाषा वापरली. ते कडूपण धुऊन काढण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ चा जाहीरनामा यावा लागला.

आणि त्याच सुमारास आपण तो सणही गमावला. १९६० मध्ये ‘प्रभूची सुंता’ हे शीर्षक वगळून ‘नाताळाचा आठवा दिवस’ असे ठेवण्यात आले. १९६९ च्या नव्या दिनदर्शिकेत एक जानेवारी हा देवमाता मरियेचा महोत्सव झाला. मरियेचा सण रोममध्ये प्राचीन काळी त्याच दिवशी होता, म्हणून त्यात अनुचित काही नाही. शुभवर्तमानातील वचनही कायम राहिले. परंतु शीर्षक गेले तसे प्रवचनही गेले. येशू यहुदी होता, त्याला खरेखुरे शरीर होते, त्या शरीरातून पहिले रक्त आठव्याच दिवशी सांडले, हे सांगण्याचा ठरलेला दिवस आम्हा धर्मगुरूंच्या हातून निसटला.

आमच्या मौनाची झळ घरोघरच्या बालकांनाही बसते. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या लुईस सायर या शल्यविशारदाने १८७० मध्ये, सुंतेने पक्षाघातासारखे विकारही बरे होतात असा दावा केला आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ही शस्त्रक्रिया फोफावली. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ डग्लस गेअर्डनर यांनी १९४९ मध्ये प्रत्यक्ष पाहणी केली. नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांचीच अग्रत्वचा पूर्ण मागे सरकते, तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची सरकते, असे त्यांना आढळले. ज्याला रोग मानले जात होते, ती वाढीची स्वाभाविक पायरी होती. १९६८ मधील डेन्मार्कच्या शाळकरी मुलांच्या पाहणीने ही क्रिया किशोरवयापर्यंतही चालते, हे दाखवले. आपल्याकडे मात्र बाळाला अंघोळ घालताना ती त्वचा जोराने मागे ओढण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने इजा होते, व्रण पडून खरोखरचा विकार जडू शकतो. मातांनो, ती ओढू नका. बाहेरून स्वच्छ ठेवणे पुरे. लघवीला अडथळा होत असेल, सूज वा ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असेल, तर ती करून घेण्यास आपल्या श्रद्धेची आडकाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये, एचआयव्हीचा फैलाव मोठा असलेल्या देशांतील पुरुषांसाठी स्वेच्छेची सुंता हा एक प्रतिबंधक उपाय म्हणून सुचवला आहे. तो वैद्यकाचा प्रश्न आहे, तारणाचा नव्हे. तारणाचा प्रश्न यरुशलेममध्ये सुटला.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. कदाचित स्वतः बापही झाला असेल. एक जानेवारीस ते वचन पुन्हा वाचले जाईल. दाराशी पुन्हा एखादे मूल उभे राहिले, तर आम्ही पूजावस्त्रे अंगावर तशीच ठेवू, त्याला बाकावर शेजारी बसवू आणि अब्राहामापासून सुरुवात करू.