पाटी तीच, माणसं नवी

तळेगाव-चाकण रस्त्यावर हल्ली कंटेनरची रांग तुटत नाही. याच रस्त्यावर इंद्रायणीकाठी इंदोरी लागतं. या टापूत मोटारी बनू लागल्या त्याच्या कितीतरी आधी इंदोरीचं नाव महाराष्ट्रभर गेलं होतं, तेही एका सोंगाड्यामुळे. गजानन सरोदे म्हटलं तर कुणी ओळखणार नाही. दादू इंदुरीकर म्हटलं की जुनी माणसं अजून खुदकन हसतात. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगातला त्यांचा सावळ्या कुंभार आणि प्रभा शिवणेकरांची गंगी ही जोडी गावोगाव गाजली. १९७३ साली दादूंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्यानंतर सावळ्या प्रकाश इनामदारांकडे गेला आणि २००७ साली मकरंद अनासपुरे तो पडद्यावर घेऊन आले. सावळ्या टिकला, करणारे बदलले.

तमाशाच्या धंद्याची रीतच अशी. दादूंचं नाव राहिलं. त्यांच्या मागे ढोलकीवर, हलगीवर, तुणतुण्यावर कोण कोण येऊन गेलं याची नोंद कुणी ठेवली नाही. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात: नाचणाऱ्या, वगातले नट, वादक, तंबू ठोकणारे, ट्रकचे ड्रायव्हर, आचारी. दसऱ्याला नारळ फुटतो आणि बुद्ध पौर्णिमेला हंगाम संपतो. मधले सात महिने आज या गावी, उद्या त्या गावी. पावसाळ्यात मात्र सगळे घरी, आणि खरी उलथापालथ तेव्हाच होते. कलावंताला घर चालवायला पैसा लागतो, तो फडमालक ‘उचल’ म्हणून आगाऊ देतो. उचल घेतली की पुढचा हंगाम त्या मालकाचा. एखादी नाचणारी किंवा सोंगाड्या दुसऱ्या मालकाला हवा असेल, तर त्याने आधीची उचल फेडायची आणि माणूस न्यायचा. म्हणजे फडातली अदलाबदल कलेवरून होते तशी कर्जावरूनही होते, आणि बहुतेकदा कर्जच भारी पडतं.

माणसं अशी येत-जात असताना ‘फड तोच’ कशावरून म्हणायचं? पाटीवरून. तमाशाची पाटी नीट वाचली तर अर्धी वंशावळ हाती लागते. नारायणगावचा भाऊ-बापू मांग यांचा फड भावाभावांच्या नावाचा. आणि जात झाकायची सोडून ती सरळ पाटीवर लिहिलेली. सांगलीजवळच्या कवलापूरच्या खाडे घराण्यात आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा, मग काळू-बाळू. हे शेवटचे दोघे जुळे भाऊ, लहू आणि अंकुश. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी केलेल्या हवालदारांची नावं त्यांनाच चिकटली आणि फडाचंही नाव तेच झालं. आणि ‘सह’ हा शब्द तर पाटीवरचा सगळ्यात महागडा. ‘अमुक सह तमुक’ यातला तमुक कोण, यावर सुपारीचा आकडा ठरतो.

पाटी ज्याची, फड त्याचा. याचा चटका कांताबाई सातारकरांइतका क्वचितच कुणाला बसला असेल. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या नायिका होत्या. शिवाजी महाराजांसारख्या पुरुषी भूमिकाही गाजवत होत्या. १९६४ साली तुकाराम गेले आणि कांताबाईंना फड सोडावा लागला. ज्या फडाला त्यांनी माणसं खेचून आणली, त्यावर त्यांचा हक्क उरला नाही. काही वर्षं दुसऱ्यांच्या फडात काढून १९६९ साली त्यांनी स्वतःचा फड उभा केला. पुढे त्यांचा आणि तुकारामांचा मुलगा मोठा झाला आणि पाटीवर आलं: रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर.

हे दुखणं एकट्या तमाशाचं नाही. लंडनमध्ये १९९८ साली तीन मुलींचा ‘शुगाबेब्स’ हा पॉप बँड निघाला. एकेक जण बाहेर पडत गेली, जागी नवी येत गेली, आणि २००९ साली मूळची एकही उरली नाही. बँड मात्र त्याच नावाने गात होता. मूळच्या तिघी २०१२ साली पुन्हा एकत्र आल्या तेव्हा त्यांना स्वतःचीच तीन नावं जोडून गावं लागलं. जुनं नाव हाती यायला २०१९ उजाडलं. तिथे वकील होते. इथे कांताबाईंनी तंबूच नवा ठोकला.

नारायणगावकरांच्या घरी गोष्ट आणखी वेगळी. भाऊ-बापूंमधल्या भाऊंची मुलगी विठाबाई इतकी मोठी झाली की फडच तिच्या नावाने चालू लागला. बाळंत होऊन नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही तिची कथा तमाशाबाहेरच्यांनाही पाठ आहे. त्या कथेचं कौतुक करताना एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते: फडात रजा नसते, कारण खेळ बुडाला तर सगळ्यांची चूल बुडते. विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे आईच्या हाताखाली तयार झाली आणि नंतर ‘मंगला बनसोडे करवडीकर’ या नावाने निराळा फड घेऊन निघाली. पाटीवर मग मुलगा नितीनकुमारही आला. विठाबाई २००२ साली गेल्या, तोवर आजारपणाच्या खर्चासाठी लोकांपुढे हात पसरायची वेळ आली होती. चार वर्षांनी सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

माणसांबरोबर कामंही बदलली. एकेकाळी बाईचं सोंग नाच्या पोऱ्या करायचा. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली. तमाशाच्या बोर्डावरची पहिली बाई म्हणून तिचंच नाव घेतात. पुढे वग रात्रभर चालायचा तेव्हा नटांना मान होता, पल्लेदार आवाजाचा राजा आणि हजरजबाबी सोंगाड्या लागायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगे बंद केले आणि सगळ्यात आधी गळा आवळला तो वगाचा. उरलेल्या दोन-तीन तासांत रंगबाजी आणि सिनेमाची गाणी मावतात, वग मावत नाही. मग फडात नाचणाऱ्या वाढल्या, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, आणि वगनटाला उचल मिळेनाशी झाली. मोबाइलने तमाशा मारला असं सरसकट म्हणतात. दहाच्या ठोक्याचा वाटाही मोठा आहे.

भोसरी-मोशीवरून चाकण, खेड, मंचर ओलांडलं की नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांचे तमाशे ठरतात. औद्योगिक पट्ट्यातल्या गावांचा शिरस्ताही तसाच जुना. एमआयडीसी १९६२ साली निघाली, पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ साली झाली, चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. शेतं गेली तरी ग्रामदैवताची यात्रा, कुस्त्यांचा आखाडा आणि तमाशा गेला नाही. वर्गणी देणारे तेवढे वाढले.

२०२० सालचा पाडवा २५ मार्चला होता आणि देशभराची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. भर हंगामात जत्रा बंद पडल्या. उचल अंगावर, सुपारी रद्द. कुणी शेतमजुरीला गेलं, कुणी भाजी विकली. त्यातले बरेच जण फडात परतलेच नाहीत. राहुट्या पुन्हा लागल्या तेव्हा पाट्या बहुतेक जुन्याच होत्या. पाटी पाहून यात्रा कमिटीवाले आत शिरतात, गादीवर टेकतात आणि आधी विचारतात, ‘‘यंदा पोरी किती?’’ सोंगाड्या कोण, हे त्यानंतर, तेही कमिटीत कुणी म्हातारा असेल तर.