पुष्पमद्य

फुलांचा गंध आणि स्वाद उतरवून घेतलेल्या साखरेच्या पाण्याचे यीस्टच्या साहाय्याने किण्वन करून, म्हणजे ते आंबवून, तयार होणाऱ्या आणि ऊर्ध्वपातन न केलेल्या मद्याला पुष्पमद्य म्हणतात. द्राक्षाच्या मद्यात साखर, आम्ल, टॅनिन (तोंडात तुरटपणा आणणारे द्रव्य) आणि यीस्टला लागणारी पोषकद्रव्ये हे सारे फळातूनच येते. फुलातून मात्र गंध, थोडा रंग आणि किंचित कडवटपणा यांपलीकडे फारसे काही मिळत नाही, म्हणून साखर, लिंबाचा रस, मनुका, टॅनिनसाठी कोऱ्या चहाचे पाणी आणि यीस्टचे खाद्य हे सर्व बाहेरून घालावे लागते. या नियमाला मोठा अपवाद मोहाचा. त्याची मांसल फुले स्वतःच इतकी गोड असतात की ती वेगळी साखर न घालताही आंबतात. मात्र मोहफुलांचा आंबवलेला घोळ बहुतेक ठिकाणी पुढे भट्टीवर चढवून त्याची दारू गाळली जाते, त्यामुळे ती या नोंदीच्या कक्षेबाहेर पडते.

भारतीय परंपरेत फुलांपासून केलेल्या आसवांची नोंद फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांचे ८४ प्रकार त्यांच्या मूळ द्रव्यांनुसार लावून दिलेले असून त्यांत पुष्पासव १० आहेत. पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक, पुंडरीक आणि शतपत्र ही कमळाच्या कुळीची फुले आणि त्यांच्या जोडीला मधूक (मोह), प्रियंगू व धातकी. यांपैकी धातकी, म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी लालभडक फुलणारी धायटी, आजही आयुर्वेदीय औषधनिर्मितीत टिकून आहे. आसव-अरिष्टांच्या मिश्रणात तिची वाळलेली फुले घालतात, ती गंधासाठी नव्हे, तर किण्वन सुरू व्हावे म्हणून. कारण तिच्या पाकळ्यांवर यीस्ट वास करते आणि तिच्यातील टॅनिन नको असलेल्या जिवाणूंना काहीसे आवरून धरते. विरजणासारखे वापरले जाणारे फूल, असे तिचे वर्णन केले तर ते अचूक ठरेल.

युरोपात, विशेषतः इंग्लंडच्या ग्रामीण भागात, एल्डर, डँडेलियन आणि काउस्लिप या रानफुलांची मद्ये घरोघरी होत आली आहेत. डँडेलियनची पिवळी फुले २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, खुडावीत आणि त्यांचे मद्य नाताळात उघडावे, असा तिकडचा प्रघात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये साखरेवर आलेले शिधावाटपाचे बंधन १९५३ मध्ये उठले आणि त्यानंतर हा गृहोद्योग पुन्हा बहरला, सी. जे. जे. बेरी यांचे १९६० मधील ‘फर्स्ट स्टेप्स इन वाइनमेकिंग’ हे पुस्तक त्या लाटेतील सर्वांत परिचित मार्गदर्शक होय.

कृतीच्या दृष्टीने एल्डरचे मद्य नमुनेदार मानता येईल. या झुडपाला मे-जूनमध्ये मलईच्या रंगाच्या बारीक फुलांचे पसरट, छत्रीसारखे गुच्छ येतात. ते कोरड्या, उन्हाच्या दिवशी खुडतात, कारण पावसाने गंध आणि परागकण धुऊन जातात. आणि त्याच दिवशी वापरतात, कारण शिळ्या गुच्छांना मांजराच्या मुतासारखी उग्र घाण येऊ लागते. फुले काट्याने ओरबाडून देठांपासून वेगळी करावी लागतात. हे काम कंटाळवाणे असले तरी त्यात कसूर चालत नाही, कारण एल्डरच्या हिरव्या भागांत सायनाइड मुक्त करणारी द्रव्ये असतात. डँडेलियनच्या बाबतीतही पाकळ्यांखालचा हिरवा पेला काढून टाकतात, तो मुख्यतः कडवटपणा टाळण्यासाठी. कण्हेर, धोत्रा, डॅफोडिल, फॉक्सग्लोव्ह, लिली ऑफ द व्हॅली ही फुले विषारी असून त्यांचे विष आंबवल्याने नाहीसे होत नाही. म्हणून ज्या फुलाची ओळख पक्की नाही ते कधीही वापरू नये.

साडेचार लिटर मद्यासाठी देठ काढलेली सुमारे अर्धा लिटर मापाची फुले, एक किलो साखर, दोन लिंबांचा रस व वरची पिवळी साल आणि मूठभर मनुका पुरतात. साखरेचा पाक करून तो कोमट झाल्यावर फुलांवर ओततात. फुले उकळत नाहीत, कारण उकळीबरोबर गंध उडून जातो. भांड्यावर दादरा बांधून, दिवसातून एकदोनदा ढवळत, तीन-चार दिवस फुले भिजू देतात, मग द्रव फडक्यातून गाळून अरुंद गळ्याच्या काचेच्या बरणीत भरतात आणि तिच्या तोंडाला एअरलॉक लावतात. एअरलॉक म्हणजे पाण्याने अर्धवट भरलेली वाकडी नळी. तिच्यातून आतला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आणि चिलटे आत जात नाहीत.

पुढे जे घडते ते समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८१५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे किण्वनात साखरेचे जवळपास समान वजनाच्या दोन भागांत विभाजन होते. एक भाग अल्कोहोल आणि दुसरा कार्बन डाय-ऑक्साइड वायू. (हे काम जिवंत यीस्ट करते, हे पुढे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनाने प्रस्थापित केले.) म्हणजे एक किलो साखरेतून सुमारे अर्धा किलो वायू निघतो आणि नेहमीच्या तापमानाला त्याचे आकारमान सुमारे २८० लिटर भरते. साडेचार लिटरच्या बरणीतून तिच्या साठपट वायू काही आठवड्यांत बाहेर पडायचा असतो. तो सावकाश पडला तर बरणी शांतपणे बुडबुडत राहते. त्यातला मोठा हिस्सा दोन-तीन दिवसांतच निघू लागला, तर द्रव फसफसून उतू जातो. यालाच किण्वनाचा अतिवेग म्हणतात.

अतिवेगाने जमिनीवर सांडलेला पाक ही त्यातली किरकोळ हानी होय. पुष्पमद्याचे सारे मोल गंधात असते आणि गंधाचे रेणू बाष्पनशील असतात. द्रवातून वेगाने वर येणारा प्रत्येक बुडबुडा त्यांतले काही आपल्याबरोबर घेऊन जातो. घरभर एल्डरचा सुंदर दरवळ सुटला आहे, याचा अर्थ तो पेल्यात उरणार नाही. द्राक्षाच्या मद्यात फळाचा भरीव स्वाद मागे राहतो. फुलाच्या मद्यात गंध गेला की उरते ते निव्वळ आंबलेले साखरेचे पाणी. त्यामुळे किण्वन आवरणे हेच पुष्पमद्य करणाऱ्याचे खरे कौशल्य मानावे लागते.

अतिवेगाची कारणे बहुधा एकत्रच येतात. पहिले कारण उष्णता. पुष्पमद्याला १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते, पण किण्वन स्वतःही उष्णता निर्माण करते, त्यामुळे जोरात आंबणाऱ्या बरणीच्या आतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्तच असते. आणि उबेने यीस्टचा वेग वाढतो, वाढत्या वेगाने ऊब वाढते. ३० अंशांच्या वर गेलेल्या मद्याला घशात चरचरणारा, स्पिरिटसारखा उग्र वास येऊ लागतो, तर ४० अंशांच्या आसपास यीस्टच मरू लागते. दुसरे कारण यीस्टचा व त्याच्या खाद्याचा अतिरेक. बाजारात मिळणारे पाच ग्रॅमचे पाकीट वीस-बावीस लिटरांना पुरेसे असते, आणि ते साडेचार लिटरांत सगळेच ओतले जाते. फुलांच्या द्रवात नायट्रोजन कमी असल्याने अमोनियम फॉस्फेटसारखे खाद्य घालावे लागते हे खरे. ते अजिबात न घातल्यास यीस्ट उपाशी राहून सडक्या अंड्यासारखा वास सोडते, पण मापाबाहेर घातल्यास ते बेफाम होते. तिसरे कारण, आणि बहुतेक अपघातांच्या मुळाशी असणारे, म्हणजे गळ्यापर्यंत भरलेली बरणी. पराग आणि यीस्ट यांच्यामुळे फेस चिवट होतो, गाळताना राहून गेलेल्या पाकळ्या व मनुकांची साले फेसाबरोबर वर चढतात आणि एअरलॉकच्या बारीक नळीत जाऊन बसतात. नळी चोंदली की बरणी बंद भांडे होते. मग बूच उडून छतावर आपटते किंवा, बूच घट्ट बसलेले असल्यास, काच फुटते.

नळी चोंदलेली दिसताच प्रथम दाब मोकळा करावा. बुचावर जाड ओले फडके टाकून, चेहरा बाजूला ठेवून, ते हळूहळू फिरवत सैल करावे. एका झटक्यात काढल्यास द्रवात विरघळलेला वायू एकदम सुटतो आणि अर्धी बरणी कारंज्यासारखी रिकामी होते. याच कारणाने जोरात आंबणाऱ्या द्रवात चमचा घालून ढवळणे किंवा कोरडी साखर टाकणे धोक्याचे असते, कारण साखरेच्या प्रत्येक कणाभोवती वायूला बुडबुडा धरण्यास जागा मिळते. दाब उतरल्यावर चौथाई-पाचवा भाग द्रव दुसऱ्या स्वच्छ बाटलीत काढून तिच्या तोंडाला कापसाचा बोळा लावून ठेवावा. बरणी शांत झाल्यावर तोच परत घालता येतो. आसव-अरिष्टांच्या कृतीतही भांडे काठोकाठ न भरता सुमारे पाऊण भरण्याची रीत आहे, ती याच अनुभवातून आलेली. एअरलॉकऐवजी काही दिवस बोटभर जाडीची नळी बुचात बसवून तिचे दुसरे टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे. फेस, पाकळ्या, साले जे येईल ते त्या नळीतून निघून जाते आणि हवा आत येत नाही.

यानंतर तापमान उतरवावे. बरणी थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून तिच्याभोवती ओले फडके गुंडाळले आणि फडक्याचा काठ पाण्यात राहू दिला, की माठातल्या पाण्याप्रमाणे बाष्पीभवनाने ती गार होत जाते. बर्फाचा मारा मात्र करू नये. अचानक गारठलेले यीस्ट तळाशी बसते, किण्वन अर्ध्यावर अडते आणि मद्य गोड व अस्थिर राहते. शिवाय आतला वायू एकदम आकुंचन पावल्याने एअरलॉकमधले पाणी आत ओढले जाते. काही तासांत तीन-चार अंश एवढा उतार पुरे. सांडलेला पाक लगेच पुसून घ्यावा, कारण त्यावर येणारी चिलटे व्हिनेगर करणारे जिवाणू घेऊन येतात. लहान बंद खोलीत बऱ्याच बरण्या आंबत असतील तर खिडकी उघडी असणे आवश्यक आहे. कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो आणि जीव गुदमरवू शकतो.

अतिवेग मुळात टाळण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे साखर हप्त्यांनी घालणे. द्रवाची घनता मोजणारे हायड्रोमीटर हे तरंगते उपकरण या कामी फार उपयोगी पडते. एक किलो साखर साडेचार लिटरांत एकदम विरघळवली तर त्याचा आकडा सुमारे १·०८५ येतो आणि पूर्ण किण्वनानंतर मद्यात अल्कोहोल सुमारे १३ टक्के भरते. त्याऐवजी आरंभी अर्धीच साखर घालून, आकडा १·०१० च्या आसपास उतरल्यावर उरलेली साखर गार पाकाच्या रूपाने दोन-तीन वेळा थोडी थोडी घातल्यास अल्कोहोल तेवढेच मिळते आणि वायू मात्र बेताबेताने निघतो.

तीन-चार आठवड्यांनी साका, म्हणजे तळाशी बसलेले मृत यीस्ट आणि गाळ, न हलवता वरचे मद्य नळीने दुसऱ्या बरणीत काढतात आणि आता ती गळ्यापर्यंत भरतात, कारण वेग ओसरल्यावर रिकाम्या जागेतली हवाच मद्याची शत्रू ठरते. हायड्रोमीटरचा आकडा १ च्या खाली येऊन किमान दोन आठवडे हलला नाही आणि द्रव नितळ झाला, की मगच बाटल्या भराव्यात. बाटल्या भरण्यातली घाई सर्वांत घातक असते. लिटरमागे अवघी चार ग्रॅम साखर शिल्लक असेल तर ती बंद बाटलीत सुमारे एका वातावरणाएवढा दाब निर्माण करते. शँपेनमध्ये मुद्दाम घातल्या जाणाऱ्या २४ ग्रॅमांनी सुमारे सहा वातावरणांचा दाब येतो, आणि तो पेलण्यासाठी तिची बाटली जाड काचेची असते. साध्या मद्याच्या बाटलीला तो झेपत नाही. इंग्लंडमध्ये ‘एल्डरफ्लॉवर शँपेन’ या नावाने ओळखले जाणारे फसफसते घरगुती पेय किण्वन चालू असतानाच बाटलीत भरतात, म्हणून ते सोडावॉटरच्या प्लास्टिक बाटल्यांत भरून रोज बाटली दाबून पाहणे आणि ती कडक लागताच झाकण सैल करून वायू सोडणे शहाणपणाचे ठरते. त्या नावाखाली पेय विकण्यास मात्र तेथील अपील न्यायालयाने १९९३ मध्ये मनाई केली, कारण शँपेन हे फ्रान्सच्या त्या प्रदेशातील मद्याचेच नाव आहे.

ब्रिटनमध्ये घरच्या वापरापुरते असे मद्य करण्यास मुभा आहे, विक्रीस नाही. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन, आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन, ही मर्यादा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो, मग ते स्वतःच्या घरात, स्वतःपुरते आणि फुलांचे का असेना. त्याआधी, इंग्रजी अमलात, मुंबई इलाख्याने १८९२ मध्ये कायदा करून मद्याबरोबर मोहाच्या फुलांवरही निर्बंध घातले होते, आणि त्याची झळ ती फुले वाळवून खाणाऱ्या आदिवासींना बसली.